भुशाचा हिशोब मांडा: सहकारी साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक,
सहकारी साखर कारखाने, पश्चिम महाराष्ट्र

विषय: उसाच्या भुशापासून ताटं, वाट्या व कागद करण्याबाबत, आणि त्या भुशाच्या हिशोबाबाबत.

स.न.वि.वि.

मी कृष्णाकाठची ऊस उत्पादक सभासद आहे. सासऱ्यांच्या नावचा शेअर त्यांच्या पश्चात माझ्या नावावर झाला, त्याला आता सोळा वर्षं झाली. सव्वातीन एकरांत लागण आणि खोडवा मिळून जो ऊस होतो तो सगळा कारखान्यालाच जातो. हे पत्र माझ्या एकटीच्या कारखान्यासाठी असतं तर सभेत उठून बोलले असते. पण ऊस सगळीकडे तसाच गाळला जातो आणि रस काढून उरलेला भुसाही सगळीकडे तसाच जळतो, म्हणून आपणा सगळ्यांनाच लिहिते आहे.

गेल्या चैत्रात आमच्या गावची यात्रा झाली. दोन दिवस गावजेवण होतं. तिसऱ्या रात्री माझी पाण्याची पाळी होती, अकरा वाजता. पाणी सोडलंय असा फोन आला, पण सरीत थेंब येईना. बॅटरी घेऊन पाटाच्या कडेकडेनं गेले. ओढ्याजवळच्या मोरीच्या तोंडाशी ताटांचा बोळा बसला होता. थर्माकोलची पांढरी ताटं, एकात एक अडकलेली, त्यांत भात आणि आमटी तशीच चिकटलेली, मधूनमधून प्लास्टिकचे पेले. खोऱ्यानं ओढायला गेलं की ताट तुटायचं आणि त्याचे दाणे पाण्यावर तरंगत पुढं जायचे. बोळा निघेस्तोवर पाऊण तास गेला. सकाळी बघितलं तर ते दाणे माझ्या सगळ्या सऱ्यांतून पसरले होते, उसाच्या बुडख्यांशी गोळा झाले होते. ते वेचता येत नाहीत. अजूनही कुळवताना वर येतात.

थर्माकोलच्या ताटांवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे. 23 मार्चला अधिसूचना निघाली आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला. केंद्रानंही 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. तरी ती माझ्या पाटात आली, कारण यात्रा कमिटीला हजार माणसांचं जेवण उरकायचं होतं आणि बाजारात दुसरं काही त्या भावात मिळालं नाही. पूर्वी पळसाच्या पत्रावळी होत्या. आता पळसही उरला नाही आणि पत्रावळी टोचणारी म्हातारी माणसंही नाहीत.

आणि दुसरं काही आहे, ते आपल्याच कारखान्याच्या आवारात डोंगरासारखं पडलेलं असतं.

गुऱ्हाळावर त्याला चिपाड म्हणतात, कारखान्यात भुसा, आणि अहवालात बगॅस. माझ्या माहेरी वडिलांचं गुऱ्हाळ होतं. घाण्यातून निघालेलं चिपाड आम्ही मुलं अंगणभर पसरायचो, दोन उन्हं खाल्ली की ते खडखडीत व्हायचं आणि मग जळव्या ते चुलवाणात सारायचा. काहिलीतलं एक आदण उतरेपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नसायची. त्या चुलवाणाला दुसरं जळण कधी लागलं नाही. उसाचं सगळं उसातच खपायचं, याचा वडिलांना अभिमान होता आणि मलाही आहे. तेव्हा भुसा जाळणं हे पाप आहे असं सांगायला मी आलेली नाही. बॉयलरला जळण लागतं हे मला कळतं. सगळाच्या सगळा जाळलाच पाहिजे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पुतण्याच्या साखरपुड्याला मी हट्टानं तालुक्याच्या गावाहून भुशाची ताटं आणली. पंचवीस ताटांचा पुडा, दीडशे रुपये. पिवळसर पांढरी, हाताला जाडसर पुठ्ठ्यासारखी, कडा नीट कापलेल्या. गरम आमटी वाढली तरी मऊ पडली नाहीत. पुड्यावर हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं होतं की ही उसाच्या चोथ्यापासून बनवली आहेत, आणि खाली कारखान्याचा पत्ता परराज्यातला. भोवताली जिकडं बघावं तिकडं ऊस, अन् उसाच्या चोथ्याचं ताट हजार-बाराशे किलोमीटरवरून आमच्या मांडवात आलं! जेवणं झाल्यावर उष्टी ताटं मी उकिरड्यात टाकायला लावली. ते ज्येष्ठात. दसऱ्याला खत भरायला उकिरडा उकरला तेव्हा त्यात थर्माकोलचा एक जुना पेला सापडला, कुठून आला कोण जाणे, पण भुशाचं एकही ताट हाती लागलं नाही.

उरलेल्या पुड्यातली दहा ताटं मी वाण्याच्या काट्यावर ठेवली. दोनशे ग्रॅम भरली, म्हणजे एक ताट वीस ग्रॅमचं. पन्नास ताटांचा किलो आणि किलोचे तीनशे रुपये. ही किरकोळीची किंमत आहे, तिच्यात यंत्र, वीज, मजुरी, वाहतूक, कर आणि दुकानदार सगळे आले, हे मी जाणते. तरीही हा आकडा डोळ्यांसमोरून हलत नाही. 2025-26 च्या हंगामाला उसाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागं 355 रुपये, म्हणजे किलोला साडेतीन रुपये, आणि त्यातूनही तोडणी-वाहतूक वजा होते.

आता कारखान्याचा हिशोब घ्या. हंगामात सहा लाख टन गाळप करणारा कारखाना धरते, आपल्याकडे असे पुष्कळ आहेत. एक टन उसातून साधारण 280 किलो ओला भुसा निघतो. सहा लाख टनांतून झाला 1 लाख 68 हजार टन. यातला फक्त दहावा हिस्सा बाजूला काढला तर 16,800 टन. त्यात निम्मं पाणी असतं, ते सोडलं तर 8,400. धागा वेगळा करताना आतला मऊ गाभा काढून टाकावा लागतो, साधारण तिसरा हिस्सा. उरले 5,600 टन. त्याचा लगदा शिजवला की निम्मा हाती येतो, 2,800 टन. वीस ग्रॅमच्या ताटाच्या हिशोबानं चौदा कोटी ताटं. एका कारखान्याच्या एका हंगामाच्या भुशाच्या दहाव्या हिश्शातून. आणि तो काढून टाकलेला गाभाही वाया जात नाही, तो बॉयलरलाच परत जातो.

हा दहावा हिस्सा आणायचा कुठून, असं आपले चीफ इंजिनिअर विचारतील. तो वाफेतून येतो. शंभर टन उसामागं पन्नास टन वाफ खर्ची पडायची, ती आता सुधारलेल्या कारखान्यांत पस्तीस-चाळीस टनांवर आली आहे. जेवढी वाफ वाचते तेवढा भुसा वाचतो. आज हा वाचलेला भुसा सहवीजनिर्मितीला जातो. त्यालाही माझा विरोध नाही, त्या विजेनं गावागावांत दिवे लागले आहेत. पण युनिटला सहा रुपयांच्या वर दर मिळेल या भरवशावर कोट्यवधींची कर्जं काढून हे प्रकल्प उभे राहिले, आणि नंतरचे करार पाच रुपयांच्या आत आले. 2024 मध्ये राज्य सरकारला युनिटमागं दीड रुपयाचं अनुदान जाहीर करावं लागलं. सौर वीज स्वस्त होत चालली आहे, तेव्हा भुशाच्या विजेला उद्या कोण जास्त पैसे देणार? साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाला, त्यानंतर एफआरपी वाढत गेली तरी तो कित्येक हंगाम तिथंच राहिला. इथेनॉलचं म्हणाल तर 7 डिसेंबर 2023 ला ऐन गाळपात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला दिल्लीनं मनाई केली, मग काही दिवसांत थोडी ढील दिली. साखर, वीज, इथेनॉल, तिन्हींचा दर दुसरंच कुणी ठरवतं. ताटाला गिऱ्हाईक आहे ते आपल्या दारात: लग्नं, यात्रा, वडापावच्या गाड्या, कॉलेजांची कँटीन, पंढरीची वारी.

हे कुणी केलंच नाही असंही नाही. तमिळनाडू सरकारनं 1979 मध्ये कागदाची कंपनी काढली आणि करूरजवळ कावेरीकाठी तिचा कारखाना उभारला. गावाचं नावच कागितपुरम पडलं. भुशापासून वर्तमानपत्राचा आणि छपाईचा कागद तिथं गेली चार दशकं निघतो. भुसा मिळवायला त्यांनी साखर कारखान्यांशी अदलाबदलीचा करार केला: तुम्ही आम्हाला भुसा द्या, तुमच्या बॉयलरचं दुसरं जळण आम्ही पाहू. त्यात कोळसाही आला, आणि ती बाजू मला पटत नाही. भुसा वाचवून कोळसा जाळायचा असेल तर काय मिळवलं? पण ही देवाणघेवाण कागदावर कशी बांधायची हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. अयोध्येच्या पक्का (पूर्वीची यश पेपर्स) या कागद कंपनीनं 2017 पासून 'चक' या नावानं भुशाची ताटं-वाट्या बाजारात आणल्या. डॉमिनिकन प्रजासत्ताकात ला रोमाना इथं 1950 च्या दशकापासून भुशातून फरफ्युरल नावाचं रसायन काढतात. आपल्याच माळशिरस तालुक्यात वेळापूरला भुशापासून पार्टिकल बोर्ड झालेला आहे.

इथं एक सावधगिरीची गोष्ट. 'उसापासून बनलेलं' असं लिहिलेलं सगळंच कुजतं असं नाही. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथीन करतात. ते मातीत टाकलं तर साध्या पॉलिथीनसारखंच पडून राहतं. उत्तर प्रदेशात कुंभीला उसापासून पीएलए नावाचं प्लास्टिक करायचा मोठा प्रकल्प हाती घेतला आहे. ते कुजतं, पण त्याला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते, घरच्या उकिरड्यात ते सहज जिरत नाही. मी मागते आहे ती वस्तू साधी आहे. भुशाचा धागा कॉस्टिक सोड्यात शिजवायचा, धुवायचा, पाण्यात कालवून जाळीच्या साच्यावर ओढून घ्यायचा आणि तापलेल्या साच्यात दाबून वाळवायचा. कुणाला हे फार मोठं तंत्र वाटत असेल तर त्यांनी आपल्या कारखान्याचं रस आटवून साखर करायचं बॉयलिंग हाऊस एकदा आठवावं. ते चालवणारी माणसं हे नक्की चालवतील.

अडचणी नाहीत असं नाही. ज्या आहेत त्या मी लपवणार नाही, कारण लपवून उभं राहिलेलं काम आमच्याच ओढ्यात येऊन पडतं.

पहिली पाण्याची. लगदा शिजवायला आणि धुवायला पुष्कळ पाणी लागतं आणि मागं काळं द्रावण उरतं. ते नीट आटवून, जाळून त्यातला सोडा परत मिळवावा लागतो, आणि ही यंत्रणा छोट्या प्रकल्पाला परवडत नाही. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशनं, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्यानं, विहिरींचं काय केलं होतं हे नदीकाठच्या लोकांना विचारा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक कारखान्यानं आपापली लगद्याची भट्टी काढू नये. पाच-सहा कारखान्यांनी मिळून एक लगदा प्रकल्प काढावा, सांडपाण्याच्या पुऱ्या बंदोबस्तासह. साखरेच्या रसातलं पाणी आटवताना कारखान्यात जे पाणी सुटतं ते तिथं वापरता येईल का याचा अभ्यास पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं करावा. 1975 पासून ही संस्था आपल्या वर्गणीवर उभी आहे. लगदा एका जागी झाला की ताटं दाबायची यंत्रं मात्र कुठल्याही गावात बसू शकतात.

दुसरी अडचण रसायनाची. ताटातून तेल झिरपू नये म्हणून पीएफएएस जातीची रसायनं घालायची रीत होती. ती वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत, अंगात साठतात. डेन्मार्कनं 2020 मध्ये खाद्याच्या कागद-पुठ्ठ्यात त्यांना बंदी केली. आपलं ताट त्यांच्याशिवायच झालं पाहिजे, मग त्यात रस्सा दोन तास थांबला नाही तरी चालेल. पंगत अर्ध्या तासात उठते.

तिसरी भुशाशी काम करणाऱ्या माणसांची. कोरड्या, जुन्या भुशाच्या धुळीत बुरशीसारखे सूक्ष्मजीव वाढतात आणि ते श्वासातून गेले की फुप्फुसाला सूज येते. त्या आजाराचं नावच बगॅसोसिस आहे. भुसा ओला साठवला, धूळ उडू दिली नाही, मास्क दिले तर तो टाळता येतो. आमच्या यार्डात डोक्याला फडकं बांधून भुशाच्या ढिगावर काम करणारी माणसं मी दरवर्षी बघते. त्यांच्या तोंडावर मास्क मी कधी पाहिलेला नाही. नवा प्रकल्प होईल तेव्हा होईल, हे काम तर येत्या हंगामात बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी होऊ शकतं.

आता हिशोबाचं. 2013 चा आपल्या राज्याचा ऊस दराचा कायदा आपणा सर्वांना पाठ आहे. साखरेसोबत बगॅस, मोलॅसिस (मळी) आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांची किंमत धरून येणाऱ्या उत्पन्नातले 70 टक्के शेतकऱ्याचे, किंवा नुसत्या साखरेचे 75 टक्के. म्हणजे भुशात माझा वाटा आहे हे कायद्यानंच मान्य केलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी वार्षिक सभेत विचारलं होतं की गेल्या हंगामात एकूण भुसा किती निघाला, स्वतःच्या बॉयलरला किती गेला, वीज प्रकल्पाला किती, बाहेर किती विकला आणि कोणत्या दरानं. व्यासपीठावरून उत्तर आलं की सगळं अहवालात आहे. मी अहवाल पानन् पान वाचला. विकलेल्या भुशाची रक्कम एका ओळीत होती. वीज प्रकल्पाला दिलेल्या भुशाचा दर कुठंही नव्हता. मी पुन्हा उठेपर्यंत समोरून "मंजूर, मंजूर" सुरू झालं आणि पुढचा विषय वाचला गेला. मी चोरीचा आरोप करत नाही. पण ज्या मालाचा भाव सभासदाला सांगितला जात नाही, त्या मालाची किंमत कारखान्यालाही कळत नाही, आणि मग तो जाळणंच सोपं वाटतं.

प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं सहकारी साखर कारखाना उभा केला, 1950 मध्ये तिथं पहिला हंगाम सुरू झाला. तेव्हाही शेतकऱ्यांनी साखर काढणं हा वेडेपणाच वाटत असणार. गूळ होत होताच की. त्या माणसांना आपल्या उसातलं जास्तीचं मोल दिसलं म्हणून आज आपण या खुर्च्यांवर आणि मी या शेअरवर आहे. भुशाच्या बाबतीत तेवढी दूरदृष्टी मी आपल्याकडे मागते आहे, आणि हक्कानं मागते आहे.

आमच्या गावात महिलांचे अकरा बचत गट आहेत. पापड, मसाले, शिवणकाम करून झालं. सगळ्या गावांत सगळे तेच करतात, मग विकणार कुणाला? ताटं दाबायचं यंत्र गावात आलं तर या बायका ते चालवतील. कडा कापायच्या आणि पुडे भरायच्या कामाला आम्हाला बसवून यंत्रावर पुरुष, असं मात्र होऊ नये. यंत्राचं शिक्षण आम्हाला द्या, आणि पहिली पाच वर्षं कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या यात्रांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना आणि आपल्या स्वतःच्या सभेच्या जेवणाला हीच ताटं घेऊ असं लेखी द्या. गेल्या वर्षी सभेनंतर जेवण होतं, मसालेभात आणि जिलेबी. ताटं कशाची होती हे आपण पाहिलं असेल.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढं दोन विषय घ्यावेत, एवढीच आपणा प्रत्येकाला विनंती. एक, गेल्या पाच हंगामांचा भुशाचा संपूर्ण हिशोब, टनांत आणि रुपयांत, सभासदांना वाचता येईल अशा मराठीत. दोन, शेजारच्या कारखान्यांसोबत एकत्रित लगदा प्रकल्पाचा अहवाल करून घ्यायला मंजुरी आणि त्यासाठी मुदत. प्रकल्प परवडत नाही असं अहवालात निघालं तर तेही आम्हाला कळू द्या, आकड्यांसह.

माझ्या कारखान्यापुरता हा अर्ज मी सोमवारी आवक-जावक खिडकीवर दिला आहे. कारकुनानं विषय वाचला आणि "ताटं?" असं विचारलं. मी पिशवीतलं एक ताट काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं ते हातात घेऊन वाकवून बघितलं, मग शिक्का मारून पोच दिली. ताट मी तिथंच ठेवून आले आहे. संचालक मंडळाच्या बैठकीत अर्जासोबत तेही पुढं ठेवावं.

आपली,
कृष्णाकाठची एक ऊस उत्पादक सभासद

प्रत माहितीसाठी: मा. साखर आयुक्त, साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे